बॅटरीच्या पाण्यावर राखलेला डबा

ऐका हो ऐका. आर्णी शहर व परिसरातील तमाम माता-भगिनी, व्यापारी बांधव आणि बसस्टँडवर विनाकारण बसलेले सर्व सज्जन यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या गावात दहा परदेशी सिगार मुक्कामी असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सत्तर टक्के ओलाव्यात, त्यांना ठेवण्यात आले आहे. मालकाच्या परवानगीशिवाय कोणीही डबा उघडू नये.

हा मजकूर माझ्याकडे बरीच वर्षं तयार होता. भोंगा माझा, ऑटो माझा, गळाही माझाच. पण परवानगी काही मिळाली नाही. ज्यांच्याकडून ती घ्यायची ते बॅटरीवाले चाचा एक डोळा मिटून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "अजून नाही, ऐलान. पाणी रेषेपर्यंत. वर नाही, खाली नाही."

ऐलान म्हणजे मी. आमच्या बिछायत केंद्रात गाद्या, खुर्च्या, पडदे भाड्याने मिळतात, पण गाव मला ओळखतं ते आवाजावरून. बकरी हरवली, नळ येणार नाही, साड्यांचा सेल लागला, अमुक इसम मयत झाले, सगळं माझ्या तोंडून गावाला कळतं. भोंगा बॅटरीवर चालतो आणि बॅटरी चाचांच्या दुकानात चार्ज होते. त्यामुळे वीस-बावीस वर्षं माझ्या आवाजाची दोरी त्यांच्या हातात होती असं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही असं दुकान पाहिलं असेल. खोकं म्हणावं तर मोठं, दुकान म्हणावं तर लहान. पुढे ट्रॅक्टर-ट्रकच्या बॅटऱ्यांची रांग, मागे एक खाट, आणि सगळीकडे तो घशात जाऊन बसणारा ॲसिडचा वास. चाचांच्या प्रत्येक सदऱ्याला पोटाशी बारीक भोकं होती. कोणी चिडवलं की म्हणत, "हवा खेळते बे." बॅटरीचं झाकण काढून, एक डोळा मिटून, ते आत डोकावत. मग पाण्याच्या बाटलीतून थेंब थेंब सोडत. रेषेला पाणी लागलं की हात थांबे. जास्त पाण्यानं बॅटरी उतू जाते, कमी पाण्यानं जळते, आणि माणसाचंही तसंच आहे, हे तत्त्वज्ञान प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट मिळत असे.

आता, असं रेषेवर चालणारं माणूस आयुष्यात एकदा रेषेबाहेर गेलं. आणि त्याला निमित्त मी होतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा मुन्ना. तेव्हा एकोणीस वर्षांचा, नुकताच आयटीआय झालेला. एका जयंतीच्या तयारीसाठी मी चाचांच्या दुकानासमोर ऑटो लावून माइक तपासत होतो. ऑटोच्या टपावरून मला बसस्टँडच्या भिंतीपलीकडचं दिसत होतं. तिथे मुन्ना सिगारेट ओढत होता. माइक तपासताना माणूस 'हॅलो हॅलो' म्हणतो. मला तेवढ्यावर भागवता आलं नाही. मी भरदार आवाजात जाहीर केलं की, बॅटरी दुकानाचे धाकटे मालक भिंतीमागून धूर काढत असून अग्निशामक दलाने तातडीने नोंद घ्यावी.

चौक हसला. पानठेल्यावरची माणसं पोट धरून हसली. मुन्नाही हसत हसत रस्ता ओलांडून आला. चाचा दुकानाची पायरी उतरले आणि त्यांनी सगळ्या बाजारासमोर त्याच्या थोबाडीत मारली.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चाचा स्वतः बिडी ओढत. दुकानामागे, दिवसाला दहा. मुन्ना ओढतो हेही त्यांना माहीत होतं. पण त्यांच्या घरात लेक बापासमोर ओढत नाही, धाकटा मोठ्यासमोर ओढत नाही. साठीला आलेले चाचा, पण पुसदहून मोठे भाऊ आले की जळती बिडी मुठीत दाबून उभे राहत, तळहाताला चटका बसला तरी. ओढण्याला कोणाची ना नव्हती. ते दिसलं नाही पाहिजे, एवढंच. मी ते गावाला दाखवलं होतं.

मुन्ना त्याच आठवड्यात मुंबईला गेला आणि पुढे एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला. फोन यायचा तो चाचीला. बापाचं नाव निघालं की लाइन खराब व्हायची.

मी चाचांकडे माफी मागायला गेलो. नाटकी माणूस, दोन वाक्यं घोकून गेलो होतो. त्यांनी पहिलंच वाक्य अर्ध्यात तोडलं.

"तू भोंगा हायस," ते म्हणाले. "हात माहा होता."

तीन वर्षांनी मुन्ना सुटीवर आला. अंगानं भरला होता, बोलणं कमी झालं होतं. आईला सशासारखं मऊ पांघरूण आणलं. बापाच्या दुकानात गेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गल्ल्यावर ठेवलं, "हे तुमच्यासाठी" म्हणाला आणि मागे न बघता बाहेर पडला. बाकीचा निरोप चाचीमार्फत आला. डबा उन्हात ठेवू नका. उगाच उघडू नका. आत पांढरी चकती आहे, तिला दर पंधरवड्याला थोडं पाणी पाजा, आणि पाणी बॅटरीचंच हवं, नळाचं चालत नाही.

कागद सोडला तर आत काळा, टणक, वीतभर लांबीचा डबा. कडेला रबर, दोन खटके. दिसायला पिस्तुलाची पेटी. मी तेव्हा तिथेच होतो आणि थोडा मागे सरकलो, हे कबूल करतो. उघडला तर स्पंजच्या खाचांत दहा सिगार झोपलेल्या, प्रत्येकीच्या कमरेला लाल-सोनेरी कागदाची अंगठी, झाकणाला घड्याळाएवढा गोल काटा. जहाजावरच्या एका मोठ्या साहेबानं उतरताना मुन्नाला दिलेला हा प्रवासाचा डबा होता. चार दिवसांच्या सफरीत सिगार वाळू नयेत म्हणून करतात तसा.

लेकानं बापाला धुराची भेट द्यावी, याचा अर्थ काय? पानठेल्यावर दोन तट पडले. एक म्हणे, पोरानं थापडीचा बदला घेतला. दुसरा म्हणे, पोरगा समेट मागतो आहे. चाचांनी आठ दिवस कोणालाच बोलून न दाखवता विचार केला. तोवर मुन्ना परत जहाजावर गेला होता.

नवव्या दिवशी मी बॅटरी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं. पुढच्या खेपेला मुन्ना येईल, तेव्हा याच पायरीवर, जिथे मारलं तिथेच, ते स्वतःच्या हातानं त्याला सिगार देणार होते. काडीही स्वतः लावणार होते. बापानं लेकाला, भरबाजारात. त्यांच्या घराण्यात असं कोणी केलं नव्हतं.

"त्या दिवशी तुहा भोंगा इथंच लावजो," ते म्हणाले. "तवाही बजारानं ऐकलं होतं. आताही ऐकू दे."

म्हणून तर मजकूर तयार होता.

आता त्या डब्याची बडदास्त ऐका. पहिल्याच पंधरवड्यात चाचांनी चकतीला बॅटरीसारखं पाणी पाजलं. तिला कुठे रेषा असते? ती टपकेपर्यंत प्याली. काटा नव्वदवर गेला आणि सिगारींवर पांढरी लव आली, शिळ्या भाकरीवर येते तशी. चाचा हादरले. मी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. आरामखुर्चीत एक गोरा गलेलठ्ठ माणूस सिगारीबद्दल इंग्रजीत तासभर बोलत होता. आम्हा दोघांना त्यातलं फार कळलं नाही. पण मध्येच तो 'डिस्टिल वॉटर' म्हणाला आणि चाचांनी माझी मांडी इतक्या जोरात दाबली की वळ उठला.

"बॅटरीचं पाणी म्हणे तो," ते म्हणाले. "आपल्याच धंद्यातला हाय."

त्या गोऱ्याच्या हातवाऱ्यांवरून ते शिकले. बुरशी सुक्या फडक्यानं हलकेच पुसायची. चकती भिजवून झटकायची. बॅटरी तपासायच्या काचेच्या पिचकारीतून मोजून बारा थेंब. दर दुसऱ्या शुक्रवारी, नमाजाहून आल्यावर, हात धुऊन, बेताच्या उजेडात. काटा सत्तरवर आला की चाचांचा चेहरा असा व्हायचा, जणू तालुक्याची वीज त्यांनीच चालू केली.

आमचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. चव्वेचाळीस-पंचेचाळीसला कूलरही गरम हवा ओकतो. तो गोरा माणूस घाम न येता बोलत होता, त्याला आर्णीचा मे महिना काय ठाऊक? चाचांनी एक जुना माठ वाळूत अर्धा पुरला, आत डबा ठेवला, वरून ओलं पोतं घातलं. दिवसातून चारदा पोतं भिजवायचं. स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल भिजवायला ते विसरत, पोतं कधी विसरले नाहीत. एकदा एका सिगारीला टाचणीएवढं भोक दिसलं. आमच्या जिल्ह्यात कशालाही भोक दिसलं की माणसाला आधी बोंडअळीच आठवते. चाचा थेट कृषी केंद्रात गेले आणि फवारणीचं औषध विचारू लागले. मी आडवा आलो, पुन्हा त्या गोऱ्याला शरण गेलो आणि डबा तीन दिवस कुल्फीवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवला. कीड मेली. त्या आठवड्यातल्या कुल्फीला चव वेगळी होती, असं गावातली चार माणसं अजून म्हणतात.

हे सगळं हसण्यासारखं आहे ना? मीही हसायचो. आणि हसता हसता तुम्हाला सांगायचं टाळत होतो की, यातलं बरंचसं घडलं तेव्हा मुन्ना नव्हता.

दुसऱ्या खेपेच्या आठव्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं होतं. एका सकाळी हजेरीला मुन्ना सापडला नाही. जहाज मागे फिरवून शोध घेतला. समुद्र खवळलेला होता. शोध थांबवण्यात आला आहे. पत्र इंग्रजीत होतं आणि वाचायला मला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी असं वाचलं की शेजारच्या दुकानात ऐकू जाऊ नये. चाची भिंतीला टेकून खाली बसली. चाचा उभेच होते.

"सापडला नाही, असं लिव्हलं हाय," ते म्हणाले. "मेला, असं नाही लिव्हलं."

तो शुक्रवार होता. ते मागे गेले, हात धुतले आणि डब्यात बारा थेंब सोडले.

पुढची दोन वर्षं ते तसंच चाललं. कंपनीची माणसं भरपाईच्या कागदांवर सह्या मागायची, चाचा द्यायचे नाहीत. जेवण निम्म्यावर आलं. बोलणं त्याहून कमी झालं. डब्यातला काटा मात्र सत्तर. गावानं मुन्नाला मनातल्या मनात केव्हाच माती दिली होती. मीही दिली होती. पुढे मी जे केलं ते त्याशिवाय माझ्या हातून झालं नसतं.

एप्रिलमधला गुरुवार होता. दुपारचे तीन. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी बॅटरी घ्यायला गेलो तर चाचा मागे खाटेवर घोरत होते. माठावरचं पोतं ओलं होतं. दोन वर्षं मी त्या गोऱ्या माणसाला धूर सोडताना बघत होतो. मनात आलं, दहा आहेत. ओढणारा तर येत नाही. एक गेली तर कोणाचं काय जातं? वर, उद्या कबूल करू, चाचा दोन शिव्या देतील, बऱ्याच दिवसांनी हसतील तरी.

मी डबा उघडला, कडेची एक घेतली, खटके लावले, पोतं होतं तसं ठेवलं.

बिछायतीच्या गोदामामागे, गाद्यांच्या ढिगाला टेकून, मी ती पेटवली. मंडळी, खोटं कशाला बोलू? कपाशीच्या पऱ्हाट्या आणि जुनी गोधडी एकत्र जाळली तर जी चव येईल, ती होती. अर्धीही संपली नाही तोच पोटातलं सगळं बाहेर आलं. उरलेलं थोटूक नाल्यात फेकलं. तिची ती कागदी अंगठी मात्र ठेवली आणि दुसऱ्या दिवशी करंगळीत घालून चाचांच्या दुकानात गेलो. हात पुढे करायचा, अंगठी दाखवायची आणि म्हणायचं, चाचा, साखरपुडा झाला. असा माझा बेत होता.

दुकानात पाय ठेवला तर चाचा उभे होते. हातात उघडा डबा. दोन वर्षांत न पाहिलेला चेहरा.

"ऐलान, तो आला होता."

मी काही बोलण्याआधीच त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. काल सकाळी दहा होत्या, म्हणजे दुपारी ते झोपले असताना आला. पोतं जसंच्या तसं ठेवलं, खटके नीट लावले. बापाला उठवलं नाही, राग अजून गेला नसेल. कुठल्या तरी बंदरावर उतरला असेल, कोणाला सांगायची चोरी असेल, पण जिता आहे.

"चोर असता तर डबाच नेला असता न बे," ते म्हणाले. "एकच कोण घेते? लेक घेते. बापाच्या खिशातून लेकच एक घेते."

अंगठीचा हात मी खाली घेतला. तेवढ्यात चाची चहा घेऊन मागून आली. कप माझ्या हातात देताना तिची नजर माझ्या करंगळीवर गेली. लाल-सोनेरी कागद. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कपाभोवती माझी बोटं तिनं आपल्या हातानं मिटवली आणि अंगठी आत दडेपर्यंत धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती गोदामावर आली. मी मान खाली घालून उभा राहिलो. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"भैया, काल त्यायनं पूर्ण जेवण केलं," ती म्हणाली. "दोन वर्षानं. बोलू नका काही."

मी बोललो नाही. मला ते फारच सोयीचं होतं.

त्यानंतर चाचांचा दिवस बदलला. दुपारी दोन ते चार ते खाटेवर पडायचे, शटर अर्धं वर, डबा माठातून काढून गल्ल्यावर, शेजारी नवी काडेपेटी. डोळे मिटलेले. पण झोपायचे नाहीत. लेक आला आणि बाप जागा दिसला तर परत जाईल, म्हणून ते झोपेचं सोंग घ्यायचे. रस्त्यावरून चप्पल वाजली की पापण्या हलायच्या. चप्पल पुढे गेली की थांबायच्या. बाजारालाही हे कळलं. गिऱ्हाइकं चारनंतर येऊ लागली. पानठेलेवाला दुपारी गाणी बारीक करू लागला. गावाला वाटलं, मुन्ना येऊन गेला हे खरंच असेल, बाप उगाच थोडी म्हणेल. आधी आश्चर्य वाटलं. मग गाव मुन्नाला नावं ठेवू लागलं. गावात येऊन बापाला भेटत नाही म्हणजे काय? मी ते ऐकायचो आणि भोंग्यावर साड्यांचा सेल सांगायचो.

वर्ष गेलं. चाचांना दम लागू लागला. पाय सुजले. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप गेली आहे, नागपूरला न्या, ऑपरेशन केलं तर माणूस राहील. उशीर करू नका. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर नाही म्हणाले. पंधरा दिवस शटर खाली राहिलं असतं.

"तो येईन अन् बंद पाहून जाईन," ते म्हणाले. "दुसऱ्या बारीले येते का कोणी?"

मी दुकानात बसतो म्हटलं. ते नुसते हसले. लेक काय माझ्यासाठी येणार होता?

चाची पुन्हा गोदामावर आली. या वेळी बसली नाही.

"आता सांगा," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

मी अंगठी खिशात घातली आणि दुपारी दुकानात गेलो. चाचा खाटेवर डोळे मिटून पडले होते. छातीचा भाता वर-खाली होत होता. मी स्टूल ओढलं. "चाचा," म्हटलं. त्यांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. झोपलो हावो मी."

मी अर्धा तास बसलो. तीनदा चप्पल वाजली, तीनदा पापण्या हलल्या. खिशातला कागद घामानं ओला झाला. सांगितलं असतं तर त्यांचा लेक त्या दुपारी माझ्या हातानं मेला असता. नाही सांगितलं तर बाप मरणार होता. एवढं सरळ होतं ते, आणि तरी मी उठून बाहेर आलो. चाचीला म्हणालो, उद्या सांगतो. असे चार उद्या झाले.

पाचव्या दिवशी दुपारी चार वाजून गेले तरी चाचा उठले नाहीत. कोणाला काही वाटलं नाही. लोक येत, बघत, चाचा पडलेत म्हणून पाय न वाजवता परत जात. पाचला एक ट्रॅक्टरवाला थांबला, तोही पायरीवर बसून राहिला. असरची नमाज झाल्यावर चाची चहा घेऊन आली, तेव्हा कळलं. डोळे मिटलेले होते. रोज असत तसेच. गल्ल्यावर डबा, नऊ सिगार, काटा सत्तरवर. काडेपेटी न फोडलेली.

दुसऱ्या दिवशी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर माती होती. सकाळी मी ऑटो काढला. भोंग्याला जोडलेली बॅटरी त्यांनीच चार दिवसांपूर्वी भरून दिली होती, पाणी रेषेपर्यंत. मयतीचे शब्द ठरलेले असतात. गेली पंचवीस वर्षं मी ते बोलतो, सगळ्यांसाठी एकाच आवाजात. नाव, मोहल्ला, वेळ, कुठून निघेल. बसस्टँड झालं, बाजार झाला, आमचा मोहल्ला झाला. आवाज कुठे अडला नाही.

शेवटी ऑटो त्यांच्या दुकानासमोर आला. शटर खाली होतं. पायरीवर पाच-सहा वयस्कर माणसं बसली होती, पुसदचे मोठे भाऊ मधोमध. मी माइक तोंडाशी नेला. नाव घेतलं. तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या, "लेक गावात येऊन गेला, पण बापाचं तोंड नाही पाह्यलं. अशी अवलाद कायले पाह्यजे?" मोठ्या भावांनी नुसती मान खाली घातली.

मुन्ना तीन वर्षं समुद्राच्या तळाशी होता आणि त्या पायरीवर त्याला दुसऱ्यांदा थोबाडीत बसत होती. याही वेळी भोंगा माझाच होता. पुढचं वाक्य वेळेचं होतं, जोहरनंतर. ते तोंडातच होतं. पण माइकमधून चौकात, पानठेल्यावर, बसस्टँडच्या भिंतीपलीकडे जे गेलं ते वेगळंच होतं.

"मुन्ना नव्हता आला, चाचा. ते सिगार म्या पेली होती."